न्यूझीलंडचे वाइनप्रदेश: पहिल्या सफरीची तयारी कशी करावी

न्यूझीलंडला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी डोंगर, तळी आणि समुद्र पाहून परततात आणि निघताना विमानतळावरून मार्लबरो या प्रदेशातील सॉव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनची एखादी बाटली घेतात. ती बाटली बहुधा चांगलीच असते, पण तिच्यावरून त्या देशाच्या वाइनची कल्पना करणे म्हणजे हापूस चाखून आंब्याच्या सगळ्या जाती समजल्या असे मानण्यासारखे आहे. माझे बालपण नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांच्या शेजारी गेले आणि पुढे कामानिमित्त मी काही वर्षे वेलिंग्टनला राहिलो, त्यामुळे तिथल्या बागा मी आपल्या बागांशी ताडून पाहत गेलो. पहिल्यांदा जाणाऱ्याने कशाकडे आधी लक्ष द्यावे, कुठे जास्त वेळ द्यावा आणि कशाची घाई करू नये, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: आधी डोंगर आणि वारा समजून घ्या

नकाशा उघडला की एक गोष्ट लगेच दिसते. उत्तरेत ऑकलंडच्याही वरपासून दक्षिणेत सेंट्रल ओटागोपर्यंत, म्हणजे साधारण ३६ ते ४५ अंश दक्षिण अक्षांशांदरम्यान, या देशातील जवळजवळ सगळ्या मोठ्या द्राक्षबागा पूर्वेच्या अंगाला आहेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आणि घाट उतरल्यावर देशावर लागणारी कोरडी हवा ज्याने पाहिली आहे, त्याला याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. पश्चिमेकडून येणारे ओले वारे डोंगररांगांना अडतात आणि पश्चिम उतारावरच रिते होतात. पश्चिम किनाऱ्यावरील मिलफर्ड साउंडला वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर डोंगरांच्या आडोशाला, आतल्या बाजूला असलेल्या अलेक्झांड्रा गावात तो ४०० मिलिमीटरपर्यंतही पोहोचत नाही. पर्जन्यछायेच्या याच पट्ट्यांत वेली लावल्या गेल्या.

दुसरी बाब समुद्राची. या देशातील कोणतीही जागा किनाऱ्यापासून सुमारे १३० किलोमीटरपेक्षा दूर नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यातही हवा फारशी तापत नाही आणि रात्री चांगल्याच गार होतात. दिवसा ऊन कडक आणि रात्र थंड असली की द्राक्षात साखर हळूहळू भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. न्यूझीलंडच्या वाइनमध्ये जो तरतरीतपणा जाणवतो, त्याचे मूळ इथे आहे.

आपल्या वाचकाला हा फरक छाटणीवरून सर्वांत लवकर समजेल. नाशिकला वेल कधी पुरती झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून आपण तिला वळण लावतो, आणि फळछाटणीनंतर साधारण पाच महिन्यांच्या आत माल तयार होतो. तिकडे मे महिन्यात पाने झडून वेल थंडीभर सुप्तावस्थेत जाते, जून ते ऑगस्ट या काळात एकदाच छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोळे फुटतात, डिसेंबरात फुलोरा येतो, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मण्यांत पाणी उतरते, म्हणजे ते मऊ पडून पिकू लागतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये काढणी होते. फुटव्यापासून काढणीपर्यंतचा हा सहा-सात महिन्यांचा सावकाश प्रवास हीच थंड हवामानाच्या वाइनची खरी ओळख आहे. शिवाय हा दक्षिण गोलार्ध असल्यामुळे ऊन उत्तरेकडून येते, म्हणून डोंगराच्या उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराला तिथे मोल असते. बाग पाहताना खिशातले होकायंत्र एकदा बाहेर काढाच.

दुसरी पायरी: लेबल वाचायला शिका

न्यूझीलंडचे लेबल फ्रान्सच्या लेबलापेक्षा पुष्कळ सोपे असते, कारण त्यावर द्राक्षाची जात, प्रदेश आणि साल बहुधा सरळ लिहिलेले असते. २००७ च्या हंगामापासूनच्या नियमानुसार, लेबलवर जी जात, जो प्रदेश किंवा जे साल लिहिले असेल, त्याचा वाटा बाटलीतील वाइनमध्ये किमान ८५ टक्के असावा लागतो. प्रदेशांच्या नावांना भौगोलिक मानांकनाचे संरक्षण देणारा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. आपल्याकडे नाशिक व्हॅली वाइनला असे मानांकन आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

साल वाचताना एक हिशेब लक्षात ठेवावा. २०२४ ची न्यूझीलंडची वाइन म्हणजे २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तोडलेली द्राक्षे. त्याच सालाची युरोपातील वाइन तिच्यापेक्षा सुमारे सहा महिन्यांनी धाकटी असते. बाटलीला बूच नसून फिरकीचे झाकण असेल तर ती हलक्या दर्जाची समजू नका. २००१ पासून तिथल्या उत्पादकांनी बुचामुळे येणारा कुबट वास टाळण्यासाठी हे झाकण एकत्रितपणे स्वीकारले आणि आज उत्तमातल्या उत्तम बाटल्याही त्याच झाकणाने बंद केलेल्या असतात. मागच्या बाजूला बाटलीत किती प्रमाण-पेये आहेत तेही छापलेले असते. एक प्रमाण-पेय म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ती सुमारे ७.७ भरतात. 

तिसरी पायरी: मार्लबरोपासून सुरुवात करा, पण दोन पेले शेजारी ठेवून

दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या मार्लबरोमध्ये देशातील एकूण द्राक्षक्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. हे सगळे एका पिढीत घडले, हे तिथे उभे राहूनही खरे वाटत नाही. १८७३ मध्ये डेव्हिड हर्ड या शेतकऱ्याने इथे थोड्या वेली लावल्या होत्या, पण त्यानंतर शंभर वर्षे हा मेंढ्यांचा आणि धान्याचाच मुलूख राहिला. ऑगस्ट १९७३ मध्ये माँटाना या कंपनीने ब्रँकट भागात व्यापारी लागवड सुरू केली, १९७५ मध्ये सॉव्हिन्यॉ ब्लाँच्या वेली लागल्या, आणि १९८५ मध्ये सुरू झालेल्या क्लाउडी बे या वायनरीच्या बाटल्यांनी लंडनच्या बाजारात मार्लबरोचे नाव नेले. आज देशाच्या वाइन-निर्यातीत चार पंचमांशाहून अधिक वाटा एकट्या सॉव्हिन्यॉ ब्लाँचा आहे.

इथे नवखा प्रवासी एकच चूक करतो: दिवसभरात सात-आठ ठिकाणी एकाच जातीची वाइन चाखत फिरतो आणि संध्याकाळी सगळ्या सारख्याच वाटल्या असे सांगतो. त्याऐवजी दोनच पेले मागा, एक वायराऊ खोऱ्यातील वाइनचा आणि दुसरा आवातेरे खोऱ्यातील. ही दोन खोरी एकमेकांना जवळजवळ समांतर आहेत, मध्ये फक्त डोंगरांची एक रांग आहे. वायराऊ रुंद, सपाट आणि जुन्या नदीपात्रातील गोट्यांनी भरलेले. आवातेरे त्याच्या दक्षिणेला, अधिक थंड, अधिक कोरडे आणि वाऱ्याचे.

पहिला पेला नाकाशी नेला की पिकलेल्या पेरूचा, पॅशन फ्रूटचा आणि पपनसाच्या सालीचा वास येईल. दुसऱ्यात तोच गोडसर भाग मागे सरतो आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा, टोमॅटोची पाने बोटांनी चुरल्यावर येतो तसा वास पुढे येतो. जिभेच्या कडांना आंबटपणाही अधिक धारदार लागतो. फळांचे हे वास थायॉल या गटातील संयुगांमुळे येतात आणि मिरचीचा वास पायरझिन गटातील संयुगांमुळे; द्राक्ष जितके थंडाव्यात राहील तितकी पायरझिने टिकून राहतात. हे दोन पेले पाच मिनिटे शेजारी ठेवून चाखले, तर प्रदेश म्हणजे काय हे जेवढे समजते तेवढे कोणत्याही पुस्तकातून समजणार नाही, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. इंग्रजी वर्णनांत सतत येणाऱ्या गूजबेरीचे भाषांतर काही जण आवळा असे करतात. ते फळ वेगळे आहे, आवळ्याची तुरट चव शोधत बसू नका. आपल्या ओळखीच्या फळांची नावे मनात ठेवून चाखावे, शब्द आपोआप सुचतात.

वेलिंग्टनहून पिक्टनला जाणारी बोट सुमारे साडेतीन तास घेते आणि पिक्टनपासून ब्लेनहाइम हे मुख्य गाव अर्ध्या तासाच्या आत येते. रेनविक गावाभोवती बागा इतक्या दाट आणि जमीन इतकी सपाट आहे की सायकलवर एक दिवस उत्तम जातो.

चौथी पायरी: दुसरा प्रदेश आपल्या आवडीवरून निवडा

मार्लबरोनंतर सगळेच पाहण्याचा हट्ट धरू नये. दहा दिवसांच्या सफरीत तीन प्रदेश पुरेसे होतात.

तांबडी, दमदार वाइन आवडत असेल तर उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॉक्स बेला जा. देशातील हा क्षेत्राने दुसऱ्या क्रमांकाचा प्रदेश आहे, आणि फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५१ मध्ये सुरू केलेली मिशन इस्टेट ही देशातील सर्वांत जुनी वायनरी इथेच आहे. इथे सर्वाधिक वेळ गिम्ब्लेट ग्रॅव्हल्सला द्यावा. १८६७ च्या मोठ्या पुरात नारुरोरो नदीने आपले पात्र बदलले आणि जुन्या पात्रातील वाळू-गोट्यांचा सुमारे ८०० हेक्टरचा पट्टा उघडा पडला. शंभराहून अधिक वर्षे ही जमीन मेंढ्या चारण्याच्याही लायकीची नाही असे समजले जात होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिल्या वेली लागल्या.

एका मार्च महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास, मालकाची परवानगी घेऊन, मी तिथे ओळींच्या मध्ये उकिडवा बसलो होतो. माती जवळजवळ नव्हतीच. राखाडी रंगाचे, मुठीत मावतील एवढे गुळगुळीत गोटे आणि त्यांच्या फटींत भरड वाळू. हवा गार झाली होती, अंगात स्वेटर होता, पण हातात घेतलेला गोटा तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा कोमट होता. दिवसाचे ऊन साठवून ठेवणारा हा दगड रात्री ती ऊब वर टांगलेल्या घडांना परत देतो आणि पाणी क्षणभरही धरून ठेवत नाही, म्हणून एरवी या देशात पिकायला अवघड जाणारी सिरा आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉ ही तांबड्या वाइनची द्राक्षे इथे नीट पिकतात. आपल्याकडे शिराझ म्हणून विकली जाते ती सिराच, पण इथल्या सिरामध्ये ताज्या कुटलेल्या काळ्या मिरीचा वास असतो आणि अंगाने ती हलकी असते. या प्रदेशाला फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळाचा मोठा तडाखा बसला आणि अनेक बागा काढणीच्या तोंडावर चिखलाखाली गेल्या. त्या सालाच्या बाटल्या विकत घेताना मागची मेहनत जरूर आठवावी.

पिनो न्वार या हलक्या अंगाच्या तांबड्या वाइनची आवड असेल किंवा ती लावून घ्यायची असेल, तर दोन वाटा आहेत. जवळची वाट मार्टिनबरोची. वेलिंग्टनपासून सुमारे ८० किलोमीटरवर, रेमुटाका घाट ओलांडला की हे लहानसे गाव लागते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मृदाशास्त्रज्ञ डेरेक मिल्न यांच्या अभ्यासातून इथली हवा आणि जमीन फ्रान्समधील बर्गंडीशी जुळते असे दिसले आणि १९८० च्या आसपास चार-पाच कुटुंबांनी लागवड केली. आटा रांगी या बागेतील पिनो ज्या काडीपासून वाढली, ती काडी गमबुटात लपवून देशात आणली जात असताना ऑकलंड विमानतळावर पकडली गेली आणि ज्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने ती पकडली त्यालाच द्राक्षाची जाण असल्याने ती वाचली, असे तिथे सांगितले जाते. तिला आजही गमबूट काडी म्हणतात. या गावाचे मोठे सुख असे की चौकातून पायी किंवा भाड्याच्या सायकलने अनेक वायनऱ्यांना जाता येते. पहिल्यांदाच जाणाऱ्या, गाडी चालवू न इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी मी नेहमी हेच गाव सुचवतो.

दूरची वाट सेंट्रल ओटागोची, आणि वेळ हाताशी असेल तर ती चुकवू नये. ४५ अंश अक्षांशावरील हा जगातील सर्वांत दक्षिणेकडच्या द्राक्षप्रदेशांपैकी एक आहे. १८६० च्या दशकात इथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती आणि त्याच काळात फेरो या फ्रेंच माणसाने क्लाइडजवळ वेली लावल्या होत्या, परंतु व्यापारी पिनो न्वार बाजारात यायला १९८७ साल उजाडले. इथे समुद्राचा हात पोहोचत नाही: उन्हाळा तापतो, हिवाळ्यात बर्फ पडते, आणि वसंतात कोवळ्या फुटव्यावर हिमाचा घाला येऊ नये म्हणून शेतकरी रात्र-रात्र जागून मोठे पंखे फिरवतात, काही ठिकाणी वेलींवर पाण्याचे तुषार सोडून फुटव्याभोवती बर्फाचे संरक्षक कवच तयार करतात. जमिनीत अभ्रकाने चमकणारा शिस्ट खडक आहे. क्वीन्सटाऊनपासून अर्ध्या तासाच्या आत येणारे गिब्स्टन सर्वांत उंच आणि गार असल्यामुळे तिथली वाइन नाजूक असते. क्रॉमवेलच्या पलीकडचे बॅनकबर्न आणि बेंडिगो अधिक उष्ण, त्यामुळे तिथे चेरीसारखी गडद, भरीव पिनो मिळते. इथेही मार्लबरोचाच नियम पाळावा: गिब्स्टन आणि बेंडिगो, दोन पेले, शेजारी शेजारी.

बाकीच्या प्रदेशांबद्दल थोडक्यात. ऑकलंडमध्ये एकच दिवस असेल तर फेरीबोटीने सुमारे ४० मिनिटांत वायहेकी बेटावर जावे, किंवा क्रोएशियातील डाल्मेशियातून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या कुमेऊ भागातील शार्डने ही पांढरी वाइन चाखावी. देशातील उत्तम शार्डनेंत तिची गणना होते. गिझबर्नही शार्डनेसाठीच ओळखले जाते. क्राइस्टचर्चहून उत्तरेला तासाभरात वायपारा लागते, आणि तिथली रीसलिंग ही पांढरी वाइन आपल्या जेवणाबरोबर फार शोभते. थोडी गोडसर रीसलिंग आणि तिखट रस्सा यांची जोडी घरी येऊन जरूर करून पाहावी.

पाचवी पायरी: वेळ, वाहन आणि बागेतील वागणूक

मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल हा काढणीचा काळ पाहण्यास सर्वांत सुंदर असतो, पण तेव्हा कामाच्या गर्दीत वायनरीतील माणसांना बोलायला सवड नसते. शांतपणे शिकायचे असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी निवडा. फेब्रुवारीनंतर पक्ष्यांपासून राखण म्हणून अनेक बागांवर पांढऱ्या जाळ्या चढलेल्या दिसतील. जून ते ऑगस्टमध्ये बरीच लहान ठिकाणे बंद असतात किंवा फक्त वेळ ठरवून उघडतात.

चाखण्याच्या दालनाला तिथे सेलर डोअर म्हणतात. बहुतेक ठिकाणी शुल्क असते आणि बाटली घेतल्यास ते अनेकदा वजा होते. दिवसाला तीन ठिकाणे पुरेत. टेबलावरील भांड्यात वाइन थुंकणे हे तिथे अशिष्ट नाही, उलट जाणकारीचे समजले जाते. आपल्या माणसांना याचा संकोच वाटतो, तो घरीच सोडून यावा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, पण कायदा कडक आहे: २० वर्षे पूर्ण केलेल्या चालकाला रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा आहे आणि २० वर्षांखालील चालकाला थेंबही चालत नाही. भारतातील मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणून तिथे थोडी मोकळीक आहे असे समजून कोणी हिशेब मांडू नये. चालवणाऱ्याने चाखलेले सगळे थुंकावे किंवा दिवसाची टूर-बस घ्यावी.

बूट स्वच्छ धुऊन न्या. मातीतून रोग-कीड येऊ नये याची तिथे फार काळजी घेतली जाते आणि विमानतळावर मातकट बूट जाहीर करावे लागतात. ही काळजी अनाठायी नाही. मुळे खाणारी फायलोक्सेरा ही कीड या देशात १८९५ मध्येच सापडली होती आणि तिने पुढे बागांच्या बागा उपटायला लावल्या. आपल्या शेतातून सरळ उठून गेलेल्या द्राक्ष बागायतदाराने तर हे दुप्पट लक्षात ठेवावे, आणि विचारल्याशिवाय वेलींच्या ओळींत पाय टाकू नये. विचारले की बहुधा हो म्हणतात, आणि नाशिकहून आलो आहोत, घरी बाग आहे असे सांगितले तर छाटणीवर अर्धा तास गप्पा होतात.

सहावी पायरी: घरी काय आणावे आणि कसे ठेवावे

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. म्हणून त्या दोन विचारपूर्वक निवडा. आपल्याकडच्या दुकानांत मार्लबरोची सॉव्हिन्यॉ सहज मिळते, तेव्हा त्या दोन जागा तिच्यावर खर्च करू नका. एक गिम्ब्लेट ग्रॅव्हल्सची सिरा आणि एक मार्टिनबरो किंवा ओटागोची पिनो न्वार आणावी, असे मी सांगेन. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानातच ठेवाव्यात.

पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवली तर काही आठवड्यांत तिची चव बिघडू शकते, म्हणून ती फ्रिजच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात ठेवावी. फिरकीचे झाकण असल्याने ती उभी राहिली तरी चालते. सॉव्हिन्यॉ साधारण दोन वर्षांत संपवावी, चांगली पिनो आणि सिरा चार-पाच वर्षे आरामात टिकतात. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील गार घरांसाठी आहे. मे महिन्यात आपल्या खोलीचे तापमान ३२ अंश असेल, तर पिनो फ्रिजमधून काढल्यावर फक्त वीस मिनिटे बाहेर ठेवावी, पेला एक तृतीयांशच भरावा, आणि पहिला घोट घेण्याआधी दोन मिनिटे नुसता वास घ्यावा.